होडी दर्यात असताना

—चुलीवर पडली. बाई, तीनदा सांगितलं तुम्हाला, चवथ्यांदा विचाराल तरी तेच सांगीन. जनी आठ वर्षांची पोर, चुलीशी गेली, पाय सरकला, पडली. कोळीवाड्यात कुठलं पोर भाजत न्हाय? हा माझा हात बघा — हा डाग तव्याचा, हा कालवणाच्या टोपाचा, हा कसला ते आता मलाच आठवत न्हाय. माझ्या हातासाठी मुंबईहून कुणी आगबोटीत बसून आलं न्हाय कधी. बसा ना, उभ्या कशाला? ती पाटी पालथी घाला नि बसा. पातळाला वास लागेल म्हणता? तो तुम्ही बंदरात उतरलात तेव्हाच लागला, आता चार धुण्यांत जायचा न्हाय. आणि तुमच्या त्या हवालदाराला सांगा, माडाखाली बसलाय तिथंच बस म्हणावं, उगाच गल्लीत फिरू नको. बाया बिचकतात. आणि माझे हात चालू राहतील हां, रागावू नका — ऊन हाय तोवर हे बोंबील वलांडीच्या दोऱ्यांवर चढले पाहिजेत, न्हायतर संध्याकाळी कुत्रीसुद्धा तोंड लावायची न्हायत. हे असं — एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि जोडी दोरीवर टाकायची. बघता काय, करून बघा! न्हाय जमत? मग लिहा. तुमचं ते काम, माझं हे.

पण मला एक सांगा, तुम्हाला बोलावलं कुणी? कागद आला म्हणता — कुणाचा कागद? खाली नाव न्हाय ना? न्हायच असायचं. नाव न घालता कागद धाडणाऱ्याचे हात झडो. समोर येऊन बोलायची छाती न्हाय, नि चालले मुंबईच्या संस्थेला कळवायला — आमच्या गावात एक सावत्र आई पोरीला छळते, येऊन घेऊन जा. घेऊन जा! पोर म्हंजे काय पापलेट हाय, बर्फात घातलं नि धाडलं? केसर सावत्र आई, तेव्हा छळ तिनंच केला असणार, चौकशी संपली. लिहा, लिहा. भागुबाई सुईण बोलली म्हणून लिहा, मी घाबरत न्हाय. ह्या गल्लीतलं प्रत्येक पोर ह्या दोन हातांनी बाहेर काढलंय. जनी झाली ती मिठाच्या चळवळीच्या साली — बाहेर शिपाई लोकांची डोकी फोडत होते नि आत ही बया पायाळू, रात्रभर अडून बसली. तिची आई गेली तीही माझ्याच हातात, धाकट्याच्या वेळी. तीन वर्षं झाली. तेव्हा त्या घराचं मला कुणी शिकवायला नको.

काय? शांत? व्हय, शांत वाटणारच तुम्हाला. मला ठाऊक होतं, विचाराल. मुंबईची माणसं आली की पहिलं हेच म्हणतात, कोळणी म्हंजे भांडखोर, बाजारात कान किटवतात, आणि इथं बघावं तर एवढी पोरंबाळं असून गल्ली चिडीचूप. होड्या बाहेर हायत ना. आज पाचवा दिवस. होडी दर्यात असली की घरात रडायचं न्हाय, मोठ्यानं भांडायचं न्हाय — आमच्या गल्लीचं पथ्यच हाय हे, माझ्या सासूच्या सासूपासूनचं. रडण्याचा आवाज पाण्यावरून लांब जातो. दर्या ऐकतो, त्याला वाटतं ह्या घरानं रडून घेतलं, म्हंजे ह्यांचं माणूस आपलं झालं. आणि मग नेतो. हसू नका. न्हाय हसलात? बरं, मला वाटलं हसलात. पोर रांगायला लागलं की आधी हेच शिकतं. ठेच लागली, विंचू चावला, आईनं धपाटा घातला, तोंड वासलं की कुणीतरी बोट ओठांवर ठेवतं — 'होडी दर्यात हाय.' आपली आईच पाहिजे असं न्हाय, जी जवळ असेल ती बाई ठेवते. बाकीच्या गावांना नवल वाटतं, म्हणतात, ह्यांची पोरं किती शहाणी. आम्हाला त्याचा मान. मीच शिकवलंय किती पोरांना. पदराचा बोळा करून द्यायचा, म्हणायचं, चाव ह्याला, जोरात चाव, पण आवाज न्हाय काढायचा. चांगली शिकतात. जनी तर पहिल्या खेपेलाच शिकली.

...

केसर कशी हाय म्हणता? एकोणीस वर्षांची हाय, अशी हाय. म्हसळ्याच्या खाडीवरची. तीही कोळीच, पण खाडीवरचे कोळी — बापूस पहाटे जाळं घेऊन जातो नि दुपारी जेवायला घरी. आठ-आठ दिवस पुरुष परतत न्हाय हे तिनं कधी बघितलेलं न्हाय. जनीच्या बापाशी, सदूशी, लग्न लावून आणली, घरात दोन आयती पोरं, वर्षात तिसरं पोटचं. आणि सदू लग्नानंतर पंधराव्या दिवशी होडीवर. पहिल्या खेपेला ही पोरगी रात्रभर दारात बसून राहिली, गल्लीतल्या बाया हसल्या — म्हसळ्याची म्हैस वाट बघते म्हणाल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू! तिला बोंबील वाळवता येईना, पाटी डोक्यावर ठरेना, बाजारात गिऱ्हाइकानं डोळा वटारला की ही पडेल त्या भावात मासळी देऊन मोकळी. कुणी शिकवलं न्हाय. सगळ्यांना मजा वाटत होती. सोनाबाई — ती शेजारीण, सदूच्या भिंतीला तिची भिंत — ती तर नक्कल करून दाखवायची, केसर पाटी कशी उचलते, अशी, गाभण शेळीसारखी, आणि आम्ही ह्या इथं, ह्याच खळ्यावर, हसून हसून — जाऊ दे.

आता बघा, तान्हं रात्रभर किरकिरतं, धाकटा हगवणीनं लोळतोय, चुलीत लाकूड ओलं, नवरा कधी यायचा ठाऊक न्हाय, आणि आठ वर्षांची पोर समोर उभी राहून नुसती बघते — जनी बघते तशी, आईच्या डोळ्यांनी. मग एखाद्या वेळी हातात जे असेल ते — म्हंजे मी म्हणत न्हाय की तिनं केलं. मी म्हणते, केलं असतं तरी एवढं काय? मारत न्हाय का कुणी आपल्या पोरांना? तुमच्या मुंबईत मारत न्हायत? आणि तीन डाग म्हंजे काय पोर मेली? डाव्या हातावर, कोपराच्या वर, तीन, उलथण्याच्या पात्याएवढे, त्यासाठी हवालदार —

काय?

मी कुठं म्हटलं? डाग म्हटलं. तीन म्हटलं? — असतील तीन. तुमच्या कागदातच हाय ना ते, डाव्या हातावर तीन. — तुम्ही मघाशी वाचलंत की. — न्हाय वाचलंत? पिशवीतनं काढलाच न्हाय अजून?

हं.

व्हय, मला वाचता येत न्हाय. अंगठाबहाद्दर हाय मी.

द्या ती पाटी इकडं. न्हाय, तुम्ही बसलाय ती न्हाय, ती दुसरी. हात रिकामे राहिले की बोलता येत न्हाय मला.

मी सांगितलं, मास्तरनं लिहिलं. झालं? मास्तर अलिबागकडचा, भला माणूस, तो म्हणाला भागुबाई, खाली अंगठा उठव, त्याशिवाय संस्थेवाले मानायचे न्हायत. मी म्हटलं अंगठा न्हाय. अंगठा उठवला नि गावाला कळलं तर मला वाळीत टाकतील, माझ्या लेकाला, अनंताला होडीवर घ्यायचं कुणी? म्हणून नाव न घालता गेला कागद. मघाशी हात झडो म्हटलं ते ह्याच हातांना. आता कागदाला सहा आठवडे झाले. सहा आठवडे, बाई! तुम्ही आज आलात. सहा आठवड्यांत पोर दहादा मरते. हे लिहा तुमच्या वहीत. सगळ्यात वर लिहा. तुम्हाला काम असेल, पुष्कळ कागद येत असतील, येतच असतील — पण मी रोज आगबोटीच्या वेळेला बंदराकडं बघत होते. पंधरा दिवस बघितलं. मग सोडलं.

खोटं का बोलले? सांगते. तो कागद लिहवला तेव्हा तुम्ही यावंत असं मला वाटत होतं. आज न्हाय वाटत. एवढंच. पण तसं न्हाय कळायचं तुम्हाला, मधलं सांगायला पाहिजे.

त्या दिवशी — कागदाच्या आदल्या दिवशी — जनी इथं आली, खारवलेल्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन. पाटीतनं मिठाचं पाणी गळत होतं, तिच्या खांद्यावरनं, डाव्या दंडावरनं ओघळत होतं. बाही ओली होऊन चिकटली होती. मी म्हटलं, अगं पाटी नीट धर, अंगावर सांडतंय. जवळ आली तेव्हा बघितलं, खालच्या ओठातनं रक्त येत होतं. दातांखाली धरून ठेवलेला ओठ. मी पाटी उतरवली, बाही वर केली. ताजे होते डाग. कातडं गेलेलं, आत लाल, त्यावर मिठाचं पाणी. बाई, मी बाप्यांची फुटलेली डोकी शिवलीत, बाळंतपणं केलीत, मी काय सांगू तुम्हाला — आणि त्या पोरीनं हुं की चूं केलं न्हाय. उभी राहिली. मी म्हटलं, जने, रड गं. तशी माझ्याकडं बघून म्हणते, अगदी हळू — 'मावशे, होडी दर्यात हाय.'

शहाणी पोर.

मी शिकवलेली. किती दिवस चाललं होतं ते? दोन पावसाळे. सोनाबाईची भिंत लागून, तिला ऐकू आलं न्हाय. मला न्हाय. कुणालाच न्हाय. कसं येणार? बाकीच्या गावांत पोर ओरडते, शेजारीण धावते, शिव्या देते, पोर उचलून आणते. इथं पोरंच ओरडत न्हायत. आम्ही त्यांची तोंडं शिवून दिली नि वर त्याचा मान मिरवला. आणि मी नंतर आठवत बसले तेव्हा आठवलं — गेल्या गणपतीच्या आधी एकदा जनी माझ्या दारात आली होती, गुडघा सुजलेला, तोंड वाकडं करून रडायला लागली. मी विचारलं न्हाय काय झालं. मी बोट ठेवलं ओठांवर. ती आली होती सांगायला, आणि मी —

लिहू नका. एवढं लिहू नका.

माझी एक गोदू होती. अनंताच्या आधीची. सहा वर्षांची. कान दुखतो म्हणायची, होड्या बाहेर होत्या, आठवडा झाला होता. मी तेल घातलं कोमट करून, पदराचा बोळा दिला. दोन दिवस ती बोळा चावत पडून राहिली कोपऱ्यात. आमची सासू म्हणे, बघा, पोर कशी गुणाची. तिसऱ्या दिवशी सकाळी उठवायला गेले — आणि बाई, त्याच दिवशी होडी आली, भरून आली, घोळी काय, सुरमई काय, ठेवायला जागा न्हाय. लोक म्हणाले, भागुच्या घरचं पथ्य पक्कं, म्हणून दर्या पावला. मला हळदीकुंकू लावून गेल्या बाया. तो बोळा अजून हाय माझ्याकडं. तिच्या दातांची भोकं हायत त्याला. रडली असती ना ती मोठ्यानं, तर कुणीतरी म्हटलं असतं, अगं ही कानाची नुसती कळ न्हाय, हिला अलिबागला ने. रडलीच न्हाय. मला कसं कळणार? — कळायला पाहिजे होतं. आईला कळायला पाहिजे होतं.

हे मी कुणाला सांगितलं न्हाय. तुम्हाला का सांगितलं, कोण जाणे. तुम्ही गप्प बसता ना, त्यामुळं.

...

तर कागद धाडला, तुम्ही आला न्हाय. मी पाटलाकडं गेले. पाटील म्हणतो, घरातली गोष्ट हाय, पंचांनी कशाला बघायची? अरे वा! डोल-जाळ्याची खुंटं कुणी कुठं ठोकायची, कुणाचं जाळं कुणाच्या पुढं लागलं, त्यासाठी तुमची पंचायत चार-चार दिवस बसते, तंबाखूच्या चंच्या रिकाम्या होतात, आणि एका पोरीच्या हातासाठी घटकाभर न्हाय? बोलले मी त्याला, तोंडावर. म्हटलं, पाटील, तुला मी बाहेर काढला तेव्हा तू निळा पडला होतास, तुझ्या पाठीत मी दोन थापट्या मारल्या तेव्हा रडलास, रडलास म्हणून जगलास. तेव्हा दर्याची भीती न्हाय वाटली तुझ्या आईला! तो उठून गेला. पुरुष काय करणार दुसरं.

मग मी इथं, खळ्यावर, बायांना सांगितलं. बोंबील टाकता टाकता. पहिल्यांदा कुणी वर बघेना. मग सोनाबाई रडायला लागली — ती नकला करणारी सोनाबाई — तोंडात पदर घालून. म्हणाली, मला भिंतीपलीकडनं भांडं आपटल्याचा आवाज यायचा, पोरीचा न्हाय यायचा, म्हणून मला वाटायचं केसर भांड्यांवर राग काढते. सगळ्यांना काही ना काही दिसलं होतं, बाई. एकीला पाठ, एकीला गुडघा. प्रत्येकीनं आपला तुकडा पदराखाली ठेवला होता.

केसरकडं आम्ही पाच जणी गेलो. ती आम्हाला मारायलाच उठली. म्हणाली, म्हशीकडं आता कशाला आलात, दूध काढायला? बरोबर होतं तिचं. आम्ही दारातनं हललो न्हाय. तान्हं सोनाबाईनं उचललं, मी चूल पेटवली, एकीनं घर झाडलं. कुणी तिला एक शब्द बोललं न्हाय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली नि म्हणाली, 'मावशे, मला दिसतो हात उठताना. पण तो माझा वाटतच न्हाय. पडतो तेव्हा कळतं, माझा होता.'

तेव्हापासून हे चाललंय, तीन आठवडे झाले. जनी रात्री माझ्याकडं झोपते. दिवसा जाते घरी, तिची तीच जाते — धाकटा तिच्याशिवाय घास घेत न्हाय. पण केसर घरात पोरांबरोबर एकटी न्हाय राहायची, हा नेम. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एक बाई तिथं, पाळीनं. आज सोनाबाईची पाळी. जी असेल ती तान्हं घेते नि केसर दोन तास झोपते — पहिल्या दिवशी ती पोरगी मेल्यासारखी झोपली, बाई, आम्ही नाकाशी हात धरून बघितला. प्रत्येकीच्या पाटीतली मूठ-मूठ मासळी तिच्या दारात जाते, सदूची होडी येवो न येवो. आणि तिला एकच गोष्ट सांगितलीय. हात उठायला लागला की पोरांना सोडून दारात ये नि हाक मार. मोठ्यानं. होडी दर्यात असली तरी. आणि गल्लीतल्या पोरांना मी घरोघर जाऊन सांगितलं — दुखलं की रडा. ओरडा. माझं नाव घेऊन ओरडा.

हाक? न्हाय, अजून मारलेली न्हाय. एकदाही न्हाय. तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत. हात उठलाच न्हाय म्हणून, की हाक मारायची लाज वाटते म्हणून — मी रोज रात्री जनीचे हात बघते, पाठ बघते, नवीन काही न्हाय. पण मला झोप लागत न्हाय.

आणि ऐका, हे सगळं सोपं झालं असं लिहू नका. माझा अनंता निघताना माझ्याशी बोलला न्हाय. होडीचा तांडेल त्याला म्हणाला, तुझ्या आईनं दर्याला आवतण दिलंय. तिसऱ्या दिवशी यायची होडी. आज पाचवा. त्याच होडीवर सदू हाय. वारा तर पडलेला, असतील कुठंतरी आडोशाला, मांडव्याकडं न्हायतर रेवसकडं थांबले असतील. असतीलच. पण काही झालं ना, तर ही गल्ली मला — मला बोलायचा हक्कच राहणार न्हाय. आणि सगळी पोरं पुन्हा गप्प होतील. आधीपेक्षा जास्त.

तुम्ही पोरीला नेणार म्हणता. कायदा तुमच्या बाजूनं असेल, हवालदार तुमच्या बाजूनं हाय, न्याल. तुमच्या संस्थेत तिला खाट मिळेल, पाटी-पेन्सिल मिळेल, मी न्हाय म्हणत न्हाय. पण सांगा, धाकट्याचं काय? त्यालाही न्याल. आणि तान्हं? तेही न्या! आणि केसर तुरुंगात, सदू दर्यात, म्हंजे घरच उचलून नेलंत की. आणि पुढच्या वर्षी गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरात उलथणं तापलं तर कुठल्या बाईची छाती होईल सांगायची? सगळ्या म्हणतील, भागुनं तोंड उघडलं नि एक घर बुडालं. गप्प बसलेलं बरं. — आणि दुसरी गोष्ट, ती तुमच्याकडं रात्री रडली तर उठणार कोण? न्हाय, खरंच विचारते. कुणी उठत असेल तर सांगा. — उठता? तुम्ही स्वतः?

बरं. मग तुम्ही चांगल्या हायत. रागानं बोलले.

पण आज नेऊ नका. मी तुमच्या पाया पडत न्हाय, मी अट घालते. महिन्याला या. न सांगता या, मधल्या कुठल्याही दिवशी, सरळ त्या घरात शिरा — ते तिसरं, दारात फाटकं जाळं टाकलंय ते. पोरीची बाही वर करा. एक नवा डाग दिसला, एक ओरखडा दिसला, तर मी माझ्या हातानं तिला आगबोटीत बसवीन नि वर कागदावर अंगठा उठवीन, हा बघा, नाव घालून, भागुबाई म्हणून, मग गाव वाळीत टाको न्हायतर दर्यात टाको. आता तरी भेटवा म्हणता? भेटवते ना. चला, एवढी पाटी संपू दे. सोनाबाई हाय तिथं, तिलाही विचारा, ती नक्कल करून दाखवील तुमची, तुम्ही उठल्या की बघा —

थांबा.

ती विहिरीवर कोण? हिरवं लुगडं. माझे डोळे दुरून नीट — सोनाबाई ना ती? कळशी घेऊन? आज तिची पाळी हाय. ती विहिरीवर काय करते? ए सोने! — न्हाय, पोहोचत न्हाय आवाज. मग घरात कोण हाय? जनी आताच गेली, मी बघितली जाताना, धाकट्याला भरवायला. मग घरात — ए सोने! अगं घरात कोण हाय?

हवालदार कशाला उठला? बसवा त्याला. भरती लागली, आगबोट निघायची असेल, निघू दे. बोलू नका. जरा बोलू नका.

...

ऐकलंत?

पुन्हा ऐका. 'मावशे' — माझंच नाव. जनी न्हाय ती. जनीचा आवाज बारीक हाय. ही केसर. केसर दारात आलीय, बघा, चौकट धरून उभी हाय, हात बघा तिचे, दोन्ही हात चौकटीला — हाक मारते. हाक मारली हो तिनं! होडी दर्यात असताना!

बघा, उठल्या सगळ्या. मैना उठली, तिच्या पाठची ती नीराबाई, सत्तरीची, ती पण. पाटी लवंडली? लवंडू दे. बोंबील वाळूत गेले, जाऊ दे. अनंता माझा बाहेर हाय. असू दे. — ओरड गं केसर! थांबू नको, मोठ्यानं ओरड! आले मी, आल्या सगळ्या!

सरा, बाई. वाटेतून सरा.